युक्रेनला गेलेल्या जुन्या चिलखती गाड्या: नग किती ते सोडा, रबर कसं आहे ते बोला

पाना-पक्कड (धागाकर्ता)

एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेने युक्रेनला २०० एम-११३ (पट्ट्यांवर चालणारी, सैनिक नेणारी अमेरिकी चिलखती गाडी) जाहीर केल्या. मग डेन्मार्कच्या ५४, ऑस्ट्रेलियाच्या २८, शिवाय स्पेन, पोर्तुगाल, लिथुआनिया, इटली यांच्याही, आणि नेदरलँड्सच्या वायपीआर-७६५ (एम-११३ वरूनच बेतलेली गाडी). दर वेळी बातमीत नगांचा आकडा येतो आणि तिथेच बातमी संपते. पण दहा-पंधरा वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी म्हणजे गाडी नव्हे, गाडीचा कच्चा माल. तो चालता करायला काय लागतं यावर इथे लिहू. राजकारणाला दुसरे धागे आहेत, इथे ग्रीस आणि नटबोल्ट.

आधी रबर. जुन्या गाडीत लोखंड शेवटी मरतं, रबर आधी. कुवेतच्या अमेरिकी राखीव साठ्यातून युक्रेनसाठी काढलेल्या २९ हमवींचं (चार चाकी लष्करी गाड्या) प्रकरण आठवा. एक सोडून सगळ्या तयार आहेत असा शेरा होता, पोलंडला पोहोचल्या तेव्हा २५ गाड्यांचे टायर वाळून भेगाळलेले. बदली टायर जमवण्यात जवळपास महिना गेला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात हे सगळं आलंय. हमवीला निदान टायरच. एम-११३ मध्ये रबर कुठे कुठे आहे ते मोजा:

पट्ट्याची प्रत्येक कडी रबरी बुशवर फिरते आणि तिच्यावर बोल्टने बसवलेला एक रबरी पॅड असतो. डाव्या बाजूला ६३ कड्या, उजव्या बाजूला ६४. (दोन्हीकडे सारख्या का नाहीत? टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, गाडीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत आडवे जातात, एकमेकांशेजारी. म्हणून एका बाजूची चाकं दुसऱ्या बाजूपेक्षा जराशी मागेपुढे.) म्हणजे एका गाडीला १२७ पॅड. रोड व्हील, म्हणजे पट्ट्यावरून धावणारी चाकं, प्रत्येक बाजूला पाच, प्रत्येक जोडचाक, म्हणजे २० रबरी धावा. पन्नास गाड्यांचा एक ताफा धरा: ६,३५० पॅड आणि १,००० धावा. यात इंजिनाचे होजपाइप, रॅम्पभोवतीची पट्टी, हॅचचे सील, पेरिस्कोपच्या गॅस्केटा धरल्याच नाहीत.

पॅड झिजलेला डोळ्याला दिसतो. रोड व्हीलची धाव फसवते. वरून अखंड दिसते, पण रबर आणि धातू यांची पकड आतून सुटलेली असते. अंगणात फिरवलं तर काही होत नाही. तीस-चाळीस किलोमीटर डांबरावर वेगात नेली की गरम होऊन धाव सबंध कड्यासारखी निघून येते. म्हणून आवारात फेरी मारून 'चालू आहे' असा शिक्का मारणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

साठ्यातून गाडी काढण्याचा क्रम थोडक्यात असा. गाडी सुरू करायच्या आधी हलच्या (गाडीच्या धडाच्या) तळाचे ड्रेन प्लग उघडायचे आणि काय निघतं ते बघायचं: पाणी, डिझेल, तेल की तिन्ही. टाकी रिकामी करून आतून धुवायची. जुन्या डिझेलात पाण्याच्या थरावर जी बुळबुळीत वाढ होते ती दोन फिल्टर तासाभरात बसवते. गाडी २४ व्होल्टची, १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक. त्या नव्याच घ्यायच्या, जुन्या चार्ज करत बसू नये. वायरिंगचा जुडगा उंदरांनी कुठे कुरतडलाय ते हाताने चाचपायचं, नुसत्या टॉर्चने भागत नाही. फायनल ड्राइव्हचं (पट्टा फिरवणाऱ्या चाकाजवळच्या गिअरचं) तेल काढून बोटावर चोळून बघायचं. दुधी असेल तर पाणी शिरलंय, म्हणजे सील गेलंय. चमचम दिसली तर बेअरिंगचा चुरा. मग पट्ट्याचा ताण. तो आयडलरमागच्या (पट्टा ताणून धरणाऱ्या चाकामागच्या) सिलिंडरमध्ये ग्रीस भरून देतात. भरलं आणि रात्रीतून पट्टा पुन्हा सैल झाला तर सिलिंडरचं सील गळतंय. तसाच सोडला तर चिखलात पहिल्याच वळणाला पट्टा उतरतो.

इंजिनाबद्दल जाणकारांनी लिहावं.

---

भिंगरी

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण एक बाळबोध प्रश्न. १९६० साली सेवेत आलेली अॅल्युमिनियमची पेटी २०२० नंतरच्या युद्धात कशाला पाठवायची? मशीनगनची गोळी आरपार जात नाही का?

---

पाना-पक्कड

@भिंगरी, कुठली गोळी यावर आहे. ५०८३ मिश्रधातूच्या सुमारे ३८ मिमी भिंती. रायफलची साधी गोळी आणि तोफगोळ्याचे छर्रे बहुतांशी अडतात. १४.५ मिमीची बाजूच्या भिंतीतून आरपार जाते. आरपीजी, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र, सुरुंग यांपुढे काही खरं नाही. तळ सपाट आहे, खाली स्फोट झाला तर तो वर पायांतच येतो.

पण तुलना कशाशी करताय? युक्रेनी पायदळाकडे पर्याय बहुतेक वेळा पिकअप ट्रक, नाहीतर पायी. आघाडीवर माणसं सर्वांत जास्त मरतात ती तोफगोळ्यांच्या छर्ऱ्यांनी आणि आता ड्रोनने. छर्ऱ्यांपुरती ही पेटी कामाची. त्यात मागे सपाट रॅम्प पडतो. जखमी माणूस स्ट्रेचरवरून थेट आत. रुग्णवाहिका म्हणून वापरली तर चार स्ट्रेचर बसतात. बीएमपी-१ (सोव्हिएत चिलखती गाडी) च्या मागच्या दोन अरुंद दारांतून स्ट्रेचर घालून बघा म्हणजे फरक कळेल.

---

दोनस्ट्रोक

बोलावणं आलंय तर लिहितो. एम-११३ए१ पासून पुढे (ए१, ए२, ए३ हे तिचे सुधारित प्रकार) डेट्रॉइट डिझेलचं ६व्ही५३. ५३ म्हणजे एका सिलिंडरचे घनइंच, सहा सिलिंडर, एकूण सुमारे ५.२ लिटर. ए१ आणि ए२ मध्ये साधारण २१० अश्वशक्ती, ए३ मध्ये टर्बो लावून २७५. टू-स्ट्रोक डिझेल आहे, हे नावात नाही पण सगळं दुखणं तिथेच.

पहिलं दुखणं: उभ्या गाडीत इंजेक्टरची रॅक (किती इंधन जायचं ते ठरवणारी पट्टी) गंजून किंवा जुन्या डिझेलच्या चिकट्याने अडकते. 'भरपूर इंधन' या जागी अडकली आणि तुम्ही स्टार्टर दाबला, तर इंजिन सुटतं. गव्हर्नरचं (वेग आवरणाऱ्या यंत्राचं) ऐकत नाही, वेग वाढतच जातो, काही सेकंदांत कनेक्टिंग रॉड ब्लॉकबाहेर. म्हणून पहिल्या सुरुवातीआधी व्हॉल्व्ह कव्हर काढायचं. प्रत्येक इंजेक्टरची रॅक बोटाने आतबाहेर करायची, लोण्यासारखी हलली पाहिजे. जरा जरी अडखळली तर इंजेक्टर बाहेर. आणि सुरू करताना एक माणूस हवेच्या तोंडापाशी सपाट जाड फळी घेऊन उभा. इंजिन सुटलं तर फळीने हवा बंद, एवढा एकच खात्रीचा उपाय. हात किंवा फडकं लावू नये, ब्लोअर (इंजिनात हवा ढकलणारा पंप) फडकं गिळतो आणि हाताचं काय होईल ते लिहीत नाही.

दुसरं, एअरबॉक्सच्या (सिलिंडरांभोवतीच्या हवेच्या पोकळीच्या) ड्रेन नळ्या. त्यांतून थोडं काळं तेल ठिबकतं. चार-स्ट्रोकवर शिकलेला मेकॅनिक ते बघतो, गळती समजतो आणि नळीला बूच मारतो. मग तेल एअरबॉक्समध्ये साठतं, इंजिन तेच पिऊन धावायला लागतं. इंधन तोडलं तरी थांबत नाही कारण ते आता डिझेलवर चालतच नसतं. युक्रेनी मेकॅनिक हात-कामात कुणालाही हार जाणार नाहीत, पण त्यांचा जन्म सोव्हिएत चार-स्ट्रोक व्ही इंजिनांवर गेलाय. ही एक गोष्ट सांगितल्याशिवाय कळत नाही.

तिसरं तेल. या घराण्याला कंपनीची शिफारस एकेरी ४० ग्रेडची, कमी राखेची. १५-४० घालून चालतं असं म्हणणारे भरपूर आहेत, लष्करातही घालतात. मी घालणार नाही. मात्र उणे १५ अंशांत एकेरी ४० म्हणजे काकवी. कूलंट हीटर चालू असलाच पाहिजे. साठ्यातल्या गाडीत हीटर हमखास मेलेला असतो, कारण देणारा देश उन्हाळ्यात तपासणी करतो.

---

भिंगरी

काकवीची उपमा डोक्यात बसली. धन्यवाद दोनस्ट्रोकराव.

---

नगरकर_खाकी

धागाकर्त्यांशी अर्धा सहमत. एम-११३ ची एवढी आरती कशाला? युक्रेनला सगळ्यात सोयीच्या गाड्या आल्या त्या बीएमपी-१ घराण्यातल्या. चालक तयार, मेकॅनिक तयार, सुटे भाग देशातच, दुरुस्तीचे कारखाने देशातच. युटीडी-२० इंजिन, ३०० अश्वशक्ती, बॅटरी मेली तर दाबलेल्या हवेने सुरू होतं. थंडीत ही किती मोठी गोष्ट आहे ते दोनस्ट्रोक यांनीच वर लिहिलंय. शिवाय ७३ मिमीची तोफ फुकटात.

ग्रीसने ४० दिल्या, स्लोव्हाकियाने ३० दिल्या, झेक आणि पोलंडमधून आणखी आल्या. स्लोव्हेनियाने ३५ एम-८०ए दिल्या, ती युगोस्लाव्ह गाडी, दिसायला जवळची पण भाग वेगळे.

अवांतर: मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र आपल्या अहिल्यानगरला आहे आणि आपली सारथ म्हणजे मेडकला बांधलेली बीएमपी-२. त्यामुळे या घराण्याबद्दल नगरच्या चहाच्या टपरीवरही मत मिळतं. एक तोटा मीच सांगतो. मागची दोन दारं पोकळ असतात आणि त्या पोकळीत डिझेल. लढाईला जाताना ती रिकामी करून वाळू भरा असं पुस्तक सांगतं. घाईत कोण करतं?

---

पाना-पक्कड

खाकीसाहेब, सोयीची हे मान्य. पण माणूस ज्या पेटीत बसतो तिची उंची बघा. बीएमपी-१ मध्ये आठ जण पाठीला पाठ लावून, मध्ये इंधनाची टाकी. जाकीट, हेल्मेट, आठवड्याचं सामान घेऊन बसलेला आजचा सैनिक त्यात मावत नाही, म्हणून टपावर बसून जातो. टपावर बसला की चिलखत कशाला हवं होतं?

आणि ७३ मिमीची तोफ फुकटात मिळते तसा तिचा दारूगोळाही माणसांच्या मांडीशेजारी मिळतो.

---

नगरकर_खाकी

टपावर तर ते एम-११३ च्याही बसतात. सुरुंगाच्या भीतीने. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकही तसेच बसायचे. तुमचा मुद्दा दोन्हीकडून कापतो.

---

पाना-पक्कड

हा घाव मान्य.

---

कागदीघोडे

तुमचं ग्रीस चालू द्या, पण गाडी शेडमधून हलते ती पान्याने नाही, कागदाने.

कुठलाही देश शस्त्र विकतो तेव्हा घेणाऱ्याकडून अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र लिहून घेतो: माझ्या परवानगीशिवाय पुढे कुणाला देणार नाही. ही अट गाडीबरोबर जन्मभर चालते, मालक तीनदा बदलला तरी. उत्तम उदाहरण पीबीव्ही-५०१. मूळ पूर्व जर्मनीच्या बीएमपी-१. जर्मनी एक झाल्यावर त्या बुंडेसव्हेअरच्या (जर्मन सैन्याच्या) गळ्यात पडल्या. १९९० च्या दशकात स्वीडनने साडेतीनशेच्या आसपास घेतल्या, झेक प्रजासत्ताकात ठाकठीक करून स्वतःचं नाव दिलं, थोडी वर्षं वापरल्या आणि काढल्या. मग त्या एका झेक कंपनीकडे आल्या. त्या कंपनीला ५६ गाड्या युक्रेनला द्यायच्या होत्या, तर परवानगी कुणाची? बर्लिनची. आधी मागितली होती तेव्हा मिळाली नव्हती. १ एप्रिल २०२२ ला मिळाल्याचं जाहीर झालं. गाडी सोव्हिएत रचनेची, स्वीडिश रंगाची, झेक मालकीची आणि किल्ली जर्मनीकडे.

उलटं उदाहरण डेन्मार्कच्या पिरान्हा-३. मूळ स्विस, स्वित्झर्लंडने २०२२ मध्ये नाही म्हटलं, विषय संपला. युद्धात असलेल्या देशाला तेव्हा त्यांचा कायदाच परवानगी देत नव्हता.

अमेरिकी मुळाच्या गाडीला, म्हणजे एम-११३ आणि वायपीआर-७६५ दोन्हींना, अमेरिकी परराष्ट्र खात्याची लेखी संमती लागते. युक्रेनसाठी ती भराभर मिळाली, एवढंच.

---

भिंगरी

मग कंपन्यांच्या गोदामात या गाड्या पडून का होत्या? देश स्वतः का ठेवत नाहीत?

---

कागदीघोडे

कारण शीतयुद्ध संपलं आणि शेडचं भाडं देणं परवडेना. बेल्जियमचा किस्सा बघा. त्यांनी लेपर्ड-१ रणगाडे, एम-११३ आणि बरंच काही खासगी व्यापाऱ्यांना कवडीमोल विकलं. २०२३ च्या सुरुवातीला युक्रेनसाठी रणगाडे हवे झाले तेव्हा संरक्षणमंत्री लुडिव्हिन डेडोंडर म्हणाल्या की व्यापारी वाट्टेल ती किंमत मागतोय. विकले होते काही दहा हजार युरोंना एक, परत मागायला गेलं तर काही लाख. व्यापाऱ्याचं उत्तर: तुम्ही विकली ती भंगारं, इतकी वर्षं छताखाली मी ठेवली, आणि चालता रणगाडा हवा असेल तर इंजिन, गिअरबॉक्स, नेमबाजीची यंत्रणा या सगळ्याचा खर्च तुम्हीच धरा.

मला दोघांत व्यापारी जास्त पटतो. जुनी गाडी मिळते कवडीत, तिला चालती करायला रुपया लागतो. फक्त सरकारांना तो रुपया विकताना दिसत नाही.

---

ओव्हरहॉल

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. ही गाडी अॅल्युमिनियमची आहे आणि युक्रेनमधले सगळे वेल्डर लोखंडाचे.

ड्रोन आले तसे सगळ्यांना गाडीवर पिंजरा हवा झाला. बीएमपीवर तो बसवणं सोपं: पोलादी हल, साधी वेल्डिंग रॉड, अँगल आणि जाळी, दिवसभरात काम. तेच एम-११३ किंवा वायपीआरवर करायला गेलं तर पोलादी अँगल अॅल्युमिनियमला चिकटतच नाही. वितळवून चिकटवला तरी सांधा काचेसारखा ठिसूळ, पहिल्या झाडाला घासला की निघाला. अॅल्युमिनियमला अॅल्युमिनियमच जोडायचं असेल तर आर्गॉन गॅस, ५३५६ किंवा ५१८३ ची तार, आणि आधी स्टेनलेस स्टीलच्या स्वच्छ ब्रशने ऑक्साइडचा थर खरवडून काढणं. तोच ब्रश काल लोखंडावर वापरला असेल तर फेकून द्या. आणि जिथे उष्णता गेली तिथे ५०८३ ची ताकद कमी होते. थंडपणी लाटून आलेली कठीणता ती, तापवली की गेली. म्हणजे चिलखताला वेल्डिंग करून तुम्ही चिलखतच मऊ करता.

मग करायचं काय? पिंजरा बोल्टने लावायचा. हलवर आधीपासून असलेल्या आटेदार जागा, पट्ट्याच्या वरच्या स्कर्टचे बोल्ट, लिफ्टिंगच्या कड्या, त्यांचा आधार घेऊन चौकट बांधायची. नवीन भोकं शक्य तितकी कमी. आणि पोलाद नि अॅल्युमिनियम यांच्या मध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर, वर रंग. नाहीतर रस्त्यावरच्या मिठाच्या पाण्यात वर्षभरात बोल्टभोवती पांढरी भुकटी आणि भोक मोठं.

पिंजऱ्याचं वजनही बघा. एम-११३ए२ साधारण ११-१२ टनांची. पिंजरा, वाळूच्या पिशव्या, जास्तीच्या पोलादी चादरी, ड्रोन जॅमर, वरून सामान असं करत दीड-दोन टन सहज चढतात. सस्पेन्शन बसतं, टॉर्शन बार तुटायला लागतात, फायनल ड्राइव्ह तापते. पोहण्याचं तर विसराच.

---

दोनस्ट्रोक

+१. आणि ज्यादा वजन म्हणजे ज्यादा उष्णता. ए१ मध्ये रेडिएटर तेल आणि धुळीने लवकर बुजायचा. ए२ मध्ये पंखा आणि रेडिएटरच्या जागांची अदलाबदल केली ती त्यासाठीच. ए१ वर जड पिंजरा लावून जुलैत दक्षिण युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाच्या धुळीत नेणाऱ्याने रेडिएटर रोज बाहेरून आत नाही, आतून बाहेर फुंकावा.

---

तळेगावचा_वारा

एम-११३ म्हणताना सगळ्या एकच धरताय. खरी डोकेदुखी तिथेच आहे. चालकाच्या जागेवर बसून बघा.

ए१ आणि ए२: समोर दोन उभे दांडे. डावा ओढला की गाडी डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. ब्रेकचं पेडल नाहीच, थांबायचं तर दोन्ही दांडे एकदम छातीकडे. आत डिफरन्शियलमधले ब्रेकचे पट्टे आवळले जातात. पट्टे झिजले की दांडा लांब येत जातो. अगदी छातीला टेकला आणि गाडी तरी वळेना, तर गाडी पुढे नेऊच नये. याशिवाय जागेवर वळण्यासाठी आणखी दोन दांडे असतात, ते फक्त अगदी हळू वेगात. वेगात ओढले तर गाडी कुठे तोंड करेल सांगता येत नाही.

ए३: दांडे गेले, हातात अर्धवट चाकासारखं स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक. गिअरबॉक्स अॅलिसन एक्स२००-४, वळणं आणि ब्रेक त्यातच. ए२ ची टीएक्स१०० आणि वेगळं डिफरन्शियल. म्हणजे ए२ चं इंजिन-गिअरबॉक्स उचलून ए३ मध्ये ठेवता येत नाही. इंधनाची टाकी ए२ मध्ये आत, मागे डाव्या अंगाला, ३६० लिटर, माणसांच्या सोबतीला. ए३ मध्ये ती बाहेर, रॅम्पच्या दोन्ही अंगांना चिलखती पेट्यांत.

ऑस्ट्रेलियाची एएस४ तर नुसती नावाची एम-११३. हल कापून लांब केलेली, प्रत्येक बाजूला सहावं रोड व्हील, एमटीयू या जर्मन कंपनीचं ३५० अश्वशक्तीचं इंजिन, वजन १८ टनांच्या घरात. डेट्रॉइटचा एकही भाग तिला चालत नाही.

नेदरलँड्सची वायपीआर-७६५ त्यामानाने जवळची. ६व्ही५३टी इंजिन, पट्ट्याचं घराणंही तेच. वर बाहेरून पोलादी चादरी बोल्टने लावलेल्या आणि मध्ये फोम, तरंगायला.

एका ब्रिगेडला यातल्या तीन प्रकारच्या गाड्या आल्या तर? चालक ए२ वर शिकला, दुसऱ्या दिवशी ए३ मध्ये बसला, अडचणीत हात आपोआप नसलेल्या दांड्यांकडे जातो. उलट जास्त वाईट: पाय नसलेल्या ब्रेकवर.

---

पाना-पक्कड

@तळेगावचा_वारा, दंडवत. मूळ धाग्यात हे यायला हवं होतं.

यातून गोदामाला शिकण्यासारखं असं की भागावर 'एम-११३' एवढं लिहून चालत नाही. प्रकार, इंजिन क्रमांक आणि देणारा देश, तिन्ही लिहायचे. रॅम्पच्या तारा आणि पेरिस्कोप बहुतेकांना चालतात, पट्ट्याच्या कड्याही बऱ्याच. बाकी नाही. दर पाच गाड्यांमागे एक गाडी सुट्या भागांसाठी उभी करायची हा जुना नियम तेव्हाच चालतो जेव्हा पाचही एकाच प्रकारच्या असतात.

---

मुळामुठा

सॅक्सन या ब्रिटिश चाकांच्या चिलखती गाडीचा उल्लेख कसा नाही? फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्रिटनहून २० आल्या, करार ७५ चा होता. बेडफर्ड ट्रकच्या यंत्रावर चिलखती पेटी, १६४ अश्वशक्ती आणि ११ टनांवर वजन. चारच चाकं. ही गाडी जर्मनीतल्या चांगल्या रस्त्यांवरून ब्रिटिश पायदळ पोहोचवायला बनवली होती. पूर्व युक्रेनमधल्या डोनबासच्या वसंतातला चिखल तिने आयुष्यात पाहिला नव्हता. वरून स्टिअरिंग उजवीकडे, जे फक्त आपल्यालाच बरोबर वाटतं.

---

नगरकर_खाकी

सॅक्सनच्या तळाला निदान व्ही आकार होता, सुरुंगाचा धक्का बाजूला टाकायला. चिखलाचं म्हणाल तर आकडा बघा. जमिनीवरचा दाब एमटी-एलबीचा साधारण ०.४६ किलो दर चौरस सेंटिमीटर, एम-११३ चा ०.५५ ते ०.६. म्हणून मार्च आणि नोव्हेंबरमध्ये युक्रेनी मंडळी जुन्या सोव्हिएत एमटी-एलबीला जीव लावतात. चिलखत कागदासारखं, पण पोहोचते. ओव्हरहॉल यांचा दोन टनांचा पिंजरा चढला की एम-११३ चा हा आकडा आणखी वर जातो.

---

ओव्हरहॉल

ब्रिटिशांकडून आलेल्यांत स्पार्टन जास्त कामाच्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये युक्रेनी टीव्ही कलाकार सेर्ही पृतुला यांच्या फाउंडेशनने लोकवर्गणी काढली, ५० गाड्यांसाठी. पैसे इतके आले की शेवटी १०१ घेतल्या. आपल्याकडच्या कुठल्याही गणेश मंडळाला असूया वाटावी. सीव्हीआरटी या हलक्या, पट्ट्यांवरच्या ब्रिटिश घराण्यातल्या गाड्या, आठ टनांच्या, आटोपशीर. तोटा जागेचा: चालक-दल तीन आणि मागे चारच माणसं. म्हणजे पायदळाच्या एका तुकडीला दोन गाड्या लागतात.

मूळ इंजिन जॅग्वारचं ४.२ लिटर पेट्रोल. नंतर बऱ्याच गाड्यांत कमिन्सचं ५.९ लिटर डिझेल बसवलं. घेताना बॉनेट उघडून यातलं कुठलं आहे ते आधी बघायचं. कमिन्स असेल तर डोळे मिटून घ्यावं. टाटाच्या ट्रकांत वर्षानुवर्षं चाललेलं इंजिन याच घराण्यातलं, पिस्टनपासून गॅस्केटपर्यंत जगभर मिळतं. जॅग्वार असेल तर ताफ्यात फक्त तिच्यासाठी पेट्रोलचा वेगळा टँकर. तीच गत बल्गेरियाकडून आलेल्या शंभर बीटीआर-६० ची (आठ चाकी सोव्हिएत चिलखती गाडी). मूळ रचनेत दोन पेट्रोल इंजिनं आणि दोन गिअरबॉक्स, दोघांची चाल जुळवत बसायची.

---

भिंगरी

त्या शंभर बीटीआरवरून तिथे राष्ट्राध्यक्षांनी नकार दिला होता ना?

---

कागदीघोडे

हो. रादेव यांनी डिसेंबर २०२३ मध्ये संसदेकडे परत पाठवलं. म्हणणं असं की सीमा राखायला आणि पूर-आगीत कामाला येतील. संसदेने पुन्हा मंजूर केलं. गृहखात्याच्या होत्या, वर्षानुवर्षं गोदामात.

---

दोनस्ट्रोक

वाहतुकीचं राहिलं. एम-११३ रुंदीला २.७ मीटरच्या आत, उंचीला अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे रेल्वेच्या उघड्या डब्यावर नि महामार्गाच्या लो-बेडवर सहज बसते, वजनाच्या हिशोबाने एका मोठ्या ट्रेलरवर दोन. जर्मन मार्डर तीस टनांच्या घरातली, तिला हे सुख नाही. पोलंडपर्यंत रूळ १,४३५ मिमी, पुढे युक्रेनचे १,५२०, म्हणून सीमेवर उतरवून चढवणं आलंच. ज्या गाडीला स्वतःच्या पायाने रॅम्पवरून डब्यावर चढता येत नाही ती तिथे मागच्या सगळ्यांची रांग अडवते. म्हणून बॅटरी सुटी पाठवू नका, बसवून आणि चार्ज करून पाठवा. बांधताना साखळी लिफ्टिंगच्या कड्यांना किंवा टोइंगच्या हुकांना, पट्ट्याला कधीच नाही. आणि निघण्याआधी पट्टे नेहमीसारखे ताणलेले हवेत, प्रवासासाठी म्हणून सैल करू नयेत.

---

पाना-पक्कड

यात एक भर. गाडीबरोबर काय जातं त्याची यादी गाडीच्या आत, चालकाच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत चिकटवावी: कुठलं तेल घातलंय, किती, कुठल्या तारखेला, इंजिन किती तास चाललंय, कुठला फिल्टर. युक्रेनी भाषेत. डच किंवा पोर्तुगीज पुस्तिका सोबत देऊन उपयोग नाही. फोटो असलेलं एक पान पुरतं: ग्रीसचे निपल कुठे, ड्रेन प्लग कुठे, एअरबॉक्सची नळी कुठली आणि तिच्यावर लाल रंगात 'बूच मारू नका'.

---

दोनस्ट्रोक

लाल रंग तेलाने निघतो. पत्र्याची बिल्ला-पट्टी ठोकून तारेने नळीला बांधा.